कोणता पायथन, कुठला पायथन : संगणकावर प्रोग्रॅमिंगची भाषा बसवताना नेमके काय घडते

प्रोग्रॅमिंग शिकू पाहणारे अनेक जण पहिली ओळ लिहिण्याआधीच अडून बसतात. भाषा डाउनलोड केलेली असते, इन्स्टॉल झाल्याचा संदेशही आलेला असतो, आणि तरीही काळ्या खिडकीत तिचे नाव टाइप केले की ‘या नावाचा प्रोग्रॅम मला सापडत नाही’ अशा अर्थाचे वाक्य समोर येते. शिकवणाऱ्या पुस्तकांत या टप्प्याला फार तर एखादे पान मिळते आणि त्यात कुठे टिक करायची, कोणते बटण दाबायचे एवढेच सांगितलेले असते. बटण दाबल्यावर संगणकात काय बदलले हे मात्र सांगायचे राहून जाते. माझ्या मते तेच आधी सांगायला हवे, कारण पुढे येणाऱ्या बऱ्याच अडचणी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात : आपण हाक मारली तेव्हा ‘ओ’ दिली ती कोणत्या पायथनने, आणि तो कोणत्या फोल्डरातला?

उदाहरणासाठी पायथन घेतला आहे, कारण नवशिके बहुधा त्यापासून सुरुवात करतात. पण इथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी जावा, रूबी किंवा जावास्क्रिप्टसाठी लागणाऱ्या नोडलाही थोड्याफार फरकाने लागू पडतात. या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

संगणकाच्या प्रोसेसरला पायथन कळत नाही. त्याला कळतात फक्त यंत्रभाषेतील सूचना. आपण लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे निव्वळ मजकुराची फाइल असते आणि तो मजकूर वाचून त्याप्रमाणे काम करवून घेणारा दुसरा एक प्रोग्रॅम मध्ये लागतो. सी या भाषेत हे काम कंपायलर करतो : तो संपूर्ण मजकुराचे आधीच यंत्रभाषेत रूपांतर करून देतो आणि मग ती तयार फाइल कंपायलरशिवायही चालते. पायथनमध्ये हे काम इंटरप्रिटरकडे असते. तो मजकुराचे आधी बाइटकोड नावाच्या मधल्या रूपात रूपांतर करतो आणि मग ते रूप स्वतःच चालवतो, त्यामुळे प्रोग्रॅम चालवायचा असेल तेव्हा प्रत्येक वेळी इंटरप्रिटर हजर असावा लागतो. पुढे कधीतरी आपल्या फोल्डरात ‘पायकॅश’ अशा नावाचा एक अनोळखी फोल्डर आपोआप तयार झालेला दिसेल. त्यात हाच बाइटकोड साठवलेला असतो. तो पुसला तरी काही बिघडत नाही, गरज पडली की पुन्हा तयार होतो.

तेव्हा ‘पायथन इन्स्टॉल करणे’ म्हणजे हा इंटरप्रिटर आणि त्याच्यासोबत येणारी प्रमाण लायब्ररी (नेहमी लागणाऱ्या तयार कोडचा संच) एका फोल्डरात आणून ठेवणे. या कृतीत याहून गूढ असे काही नाही. मात्र एका संगणकावर असे फोल्डर एकापेक्षा जास्त असू शकतात, ते एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र असतात आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते, ही गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करून ठेवावी.

आता आवृत्तीविषयी. गीडो व्हान रॉस्सम यांनी तयार केलेली ही भाषा १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. २००८ मध्ये आलेली तिसरी आवृत्ती दुसरीशी पूर्णपणे जुळणारी नव्हती, त्यामुळे कित्येक वर्षे दोन्ही शेजारी शेजारी नांदल्या. दुसऱ्या आवृत्तीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. जुन्या धड्यांत ‘प्रिंट’ या शब्दापुढे कंस न देता मजकूर लिहिलेला दिसला, तर तो धडा दुसऱ्या आवृत्तीचा आहे असे समजून बाजूला ठेवावा. आजकाल दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास ३.१२, ३.१३ अशा क्रमाने नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. ३.९ पेक्षा ३.१२ नवी, हे दशांश अपूर्णांकाची सवय असलेल्या डोळ्यांना चटकन पटत नाही. इथे बिंदूनंतरचा आकडा स्वतंत्रपणे ‘बारा’ असा वाचायचा असतो. नवशिक्याने सर्वांत नवी किंवा तिच्या आधीची आवृत्ती घ्यावी. नवी आवृत्ती येऊन काही आठवडेच झाले असतील तर आधीचीच घेणे अधिक सोयीचे, कारण इतरांनी तयार केलेली मोठी पॅकेजे (आयत्या कोडचे गठ्ठे) तिच्यासाठी तयार व्हायला थोडा वेळ लागतो. डाउनलोड मात्र पायथन डॉट ऑर्ग या अधिकृत ठिकाणाहूनच करावे. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातींवरून नको.

विंडोजवर इन्स्टॉलर उघडला की पहिल्याच पडद्यावर तळाशी एक लहानशी चौकट असते : ‘ॲड पायथन टू पाथ’. ती मुळात रिकामी असते, आणि वर ठळक अक्षरांत ‘इन्स्टॉल नाऊ’ असे मोठे बटण असते, त्यामुळे नजर साहजिकच बटणाकडे जाते आणि चौकट तशीच राहते. नवशिक्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा या एका रिकाम्या चौकटीतून जन्माला येतो, म्हणून तिच्यामागे काय आहे ते जरा सविस्तर पाहू.

टर्मिनलमध्ये, म्हणजे विंडोजवरच्या कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेलमध्ये, आपण ‘पायथन’ असे टाइप करून एंटर दाबतो तेव्हा संगणक त्या नावाचा प्रोग्रॅम संपूर्ण डिस्कवर शोधत बसत नाही. तसे केले तर प्रत्येक आज्ञेला कितीतरी वेळ लागेल. त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते आणि तिचे नाव पाथ. घरात किल्ली हरवली की आपण ठरलेल्या चार जागाच ठरलेल्या क्रमाने पाहतो आणि सापडताच शोध थांबवतो, तसेच तो करतो : यादीतला पहिला फोल्डर पाहायचा, तिथे त्या नावाचा प्रोग्रॅम नसेल तर दुसरा, मग तिसरा. जिथे पहिल्यांदा सापडेल तिथला प्रोग्रॅम चालवायचा आणि पुढचे फोल्डर पाहायचेच नाहीत. यादी संपेपर्यंत सापडला नाही, तर मघाचे ते वाक्य दाखवायचे.

विंडोजवर पायथन सहसा वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात, ‘ॲपडेटा’ नावाच्या एरवी लपवलेल्या फोल्डराच्या पोटात जाऊन बसतो. ही जागा पाथच्या यादीत मुळात नसते. चौकटीत टिक केली, तर इन्स्टॉलर हा पत्ता यादीत घालतो. केली नाही, तर पायथन डिस्कवर सुखरूप असूनही टर्मिनलला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे ‘प्रोग्रॅम सापडत नाही’ या वाक्याचा अर्थ ‘तो संगणकावर नाही’ असा होत नाही, ‘मी ज्या जागा पाहतो त्यांत तो नाही’ एवढाच होतो. हा फरक ज्याला कळला, तो घाबरून तीन-तीनदा इन्स्टॉल करत बसणार नाही. चौकट राहून गेली असेल तर तोच इन्स्टॉलर पुन्हा उघडावा, ‘मॉडिफाय’ निवडावे आणि पुढच्या पडद्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये पायथन जोडण्याच्या पर्यायावर टिक करावी. त्यानंतर आधीपासून उघडी असलेली टर्मिनलची खिडकी बंद करून नवी उघडणे आवश्यक आहे, कारण टर्मिनल पाथची यादी उघडतानाच एकदा वाचून घेते आणि नंतर झालेले बदल जुन्या खिडकीला कळत नाहीत. सगळे बरोबर करूनही ‘अजून तेच येते आहे’ असे म्हणणाऱ्यांची गाडी पुष्कळदा इथेच अडलेली असते.

विंडोज १० आणि ११ मध्ये आणखी एक गोंधळ संभवतो. पायथन इन्स्टॉल केलेला नसतानाही ‘पायथन’ टाइप केले की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते. पाथच्या यादीतल्या एका फोल्डरात त्याच नावाची एक नाममात्र फाइल विंडोजने आधीच ठेवलेली असते आणि ती आपल्याला दुकानाकडे वळवते. नव्या माणसाला सोय व्हावी हा तिचा हेतू असला, तरी पाथची चौकट राहून गेली असेल तेव्हा तीच फाइल आडवी येते आणि आपण इन्स्टॉल केलेला पायथन गायब झाल्यासारखे वाटते. सेटिंग्जमधील ‘ॲप एक्झिक्यूशन एलियासेस’ या यादीत जाऊन पायथनच्या नावासमोरचे बटण बंद केले की हा अडथळा दूर होतो. शिवाय अधिकृत इन्स्टॉलर ‘पाय’ या दोन रोमन अक्षरांच्या नावाचा, पायथन सुरू करून देणारा एक छोटा लाँचरही बसवतो, आणि पाथची चौकट राहून गेली तरी तो बहुधा चालतो. ‘पाय’ चालते पण ‘पायथन’ चालत नाही असे दिसले, तर दोष पाथचा आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. अलीकडे त्याच संकेतस्थळावर ‘पायथन इन्स्टॉल मॅनेजर’ नावाचे नवे साधनही मिळते. त्याचे पडदे वेगळे दिसतील, पण पाथचे तत्त्व तेच राहते.

मॅक आणि लिनक्सवर आज्ञा ‘पायथन३’ अशी, शेवटी तीनचा आकडा जोडून द्यावी. मॅकमध्ये पूर्वी दुसरी आवृत्ती सोबतच येत असे, ती २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ पासून काढण्यात आली. आता अधिकृत इन्स्टॉलरने तिसरी बसवून घेणे सोपे आहे. उबुंटूसारख्या लिनक्सवर तिसरी आवृत्ती आधीपासूनच असते, पण ती मुख्यतः प्रणालीच्या स्वतःच्या कामांसाठी ठेवलेली असते. जुनी वाटली म्हणून ती काढून टाकण्याचा मोह कृपया टाळावा, कारण प्रणालीची कित्येक साधने तिच्यावर अवलंबून असतात आणि ती काढली तर संगणक नीट सुरू होण्याचीही खात्री राहत नाही.

इन्स्टॉल झाले का, हे तपासण्यासाठी नवी टर्मिनलची खिडकी उघडून ‘पायथन’ हा शब्द, मग एक जागा, मग सलग दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून ‘व्हर्जन’ असे टाइप करावे. आवृत्तीचा आकडा आला म्हणजे कोणता तरी पायथन सापडला. तो कुठला, हे विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर पायथन’ आणि मॅक किंवा लिनक्सवर ‘व्हिच पायथन३’ या आज्ञेने कळते. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’ या शब्दाला वेगळाच अर्थ आहे, त्यामुळे तिथे नुसते ‘व्हेअर’ दिले तर काहीच छापले जात नाही. त्याला बिंदू आणि ‘ईएक्सई’ जोडावे लागते. उत्तरात एकाहून अधिक ओळी आल्या तर समजावे की तितके पायथन यादीत आहेत आणि हाकेला धावतो तो सर्वांत वरच्या ओळीतला.

यानंतर जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला एक ठेच लागते. नुसते ‘पायथन’ टाइप करून एंटर दाबले की एका ओळीत उजवीकडे तोंड असलेली तीन कोनी चिन्हे उमटतात आणि कर्सर त्यांच्यापुढे लुकलुकत राहतो. खिडकी तीच असते, रंगही बहुधा तोच असतो, पण आपण आता टर्मिनलशी बोलत नसून पायथनशी बोलत असतो. इथे ‘२ + २’ लिहिले तर ‘४’ येते, मात्र मघाची आवृत्ती तपासण्याची आज्ञा इथे दिली तर ‘नेम एरर’ आणि फाइल चालवण्याची आज्ञा दिली तर ‘सिंटॅक्स एरर’ येते, कारण त्या आज्ञा टर्मिनलच्या आहेत, पायथन भाषेतल्या नाहीत. म्हणून काहीही टाइप करण्याआधी ओळीच्या सुरुवातीकडे पाहण्याची सवय लावावी : तीन कोनी चिन्हे असतील तर तिथे पायथनची वाक्ये लिहायची, फोल्डराचे किंवा वापरकर्त्याचे नाव दिसत असेल तर टर्मिनलच्या आज्ञा. पायथनमधून बाहेर पडण्यासाठी ‘एक्झिट’ लिहून पुढे रिकामा कंस द्यावा.

आता पहिली फाइल. कोणत्याही साध्या एडिटरमध्ये ‘प्रिंट’ हा शब्द, त्याला लागून कंस आणि कंसात अवतरणचिन्हांमध्ये ‘नमस्कार’ असे लिहून फाइल ‘पीवाय’ या विस्ताराने जतन करायची. विंडोज फाइलींचे विस्तार मुळात लपवून ठेवते, त्यामुळे नोटपॅडमध्ये जतन करताना शेवटी गुपचूप ‘टीएक्सटी’ लागून बसतो. डोळ्यांना नाव बरोबर दिसते आणि पायथन मात्र फाइल नाही म्हणून सांगतो. फाइल एक्स्प्लोररमध्ये विस्तार दाखवण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी सुरू करून ठेवावा. दुसरे असे की वर्ड प्रोसेसरमधून किंवा चॅटमधून उचललेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे आलेली असतात. माणसाच्या डोळ्याला हा फरक जाणवत नाही, पण पायथनला ती वळणदार चिन्हे अवतरणचिन्हे म्हणून ओळखताच येत नाहीत आणि तो ‘अवैध अक्षर’ अशी तक्रार करतो.

देवनागरीविषयी थोडे, कारण मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येतोच. तिसऱ्या आवृत्तीत प्रोग्रॅमची फाइल युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतच आहे असे गृहीत धरले जाते, त्यामुळे अवतरणचिन्हांत मराठी मजकूर निःशंकपणे लिहावा. चलांना (व्हेरिएबल्सना) देवनागरी नावे दिलेलीही चालतात. मात्र थेट प्रोग्रॅममध्ये संख्या लिहिताना १, २, ३ असे देवनागरी अंक चालत नाहीत, तिथे इंग्रजी अंकच लागतात. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नमस्कार’च्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर तो प्रोग्रॅमचा दोष समजू नये, त्या खिडकीच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरेच नसतात.

फाइल चालवण्यासाठी टर्मिनलमध्ये ‘पायथन’ आणि एक जागा सोडून फाइलचे नाव द्यायचे. ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ असे उत्तर आले, तर टर्मिनल त्या क्षणी कोणत्या फोल्डरात उभे आहे ते पाहावे. टर्मिनल नेहमी एखाद्या फोल्डरात असते आणि नुसते नाव दिले की फाइल तिथेच शोधली जाते. ‘सीडी’ या आज्ञेने आपल्या फोल्डरात जावे आणि फोल्डराच्या नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत द्यावा. फाइलला ‘रँडम’सारखे प्रमाण लायब्ररीतले नाव देऊ नये, पुढे तीच लायब्ररी वापरायला गेल्यावर पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी आपलीच फाइल उचलतो आणि चूक कुठे आहे ते बराच वेळ उमगत नाही.

काही दिवसांनी इतरांनी तयार केलेली पॅकेजे लागू लागतात. ती ‘पायपीआय’ या सार्वजनिक भांडारातून आणून देणारे ‘पिप’ हे साधन पायथनसोबतच येते, आणि लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. पॅकेज ‘संगणकावर’ बसत नाही. ते कोणत्या तरी एका पायथनच्या फोल्डरात बसते. पिप एका पायथनचा आणि प्रोग्रॅम चालवणारा पायथन दुसराच असेल, तर पॅकेज यशस्वीपणे बसल्याचा संदेश येतो आणि पुढच्याच क्षणी प्रोग्रॅम ‘असे मॉड्यूल (आयात करून वापरायचा कोडचा भाग) नाही’ म्हणून थांबतो. दोन्ही संदेश खरे असतात. यावरचा उपाय म्हणजे नुसते ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन’, मग एका आडव्या रेघेला जोडून ‘एम’, मग ‘पिप इन्स्टॉल’ आणि पॅकेजचे नाव, अशी आज्ञा द्यावी. तिचा अर्थ ‘ज्या पायथनला मी आत्ता हाक मारतो आहे, त्याच्याच पिपने हे काम कर’ असा होतो आणि संदिग्धतेला जागा उरत नाही.

याहून चांगली सवय म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या कामापुरता राखलेला पायथनचा वेगळा कोपरा, ठेवणे. ३.३ या आवृत्तीपासून त्यासाठी लागणारे ‘व्हेन्व्ह’ हे मॉड्यूल पायथनमध्येच आहे. डेबियन आणि उबुंटूवर मात्र त्याचे पॅकेज वेगळे घ्यावे लागते. कामाच्या फोल्डरात जाऊन ‘पायथन’, आडव्या रेघेसह ‘एम’, मग ‘व्हेन्व्ह’ आणि शेवटी बिंदूने सुरू होणारे ‘.व्हेन्व्ह’ हे नाव दिले की त्या नावाचा एक फोल्डर तयार होतो. त्यात मूळ पायथनकडे बोट दाखवणारा इंटरप्रिटर आणि पॅकेजांसाठी स्वतंत्र जागा असते. मग त्यातली ‘ॲक्टिव्हेट’ ही फाइल चालवायची. विंडोजवर ती ‘स्क्रिप्ट्स’ या आतल्या फोल्डरात सापडते, तर मॅक आणि लिनक्सवर ‘बिन’ या फोल्डरात असते आणि तिथे आधी ‘सोर्स’ हा शब्द जोडावा लागतो. पॉवरशेलने स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही असे सांगितले, तर नवशिक्याने सरळ कमांड प्रॉम्प्ट वापरावा. ॲक्टिव्हेट करणे म्हणजे, मुख्यतः, त्या एका खिडकीपुरता हा नवा फोल्डर पाथच्या यादीत सर्वांत वर आणून ठेवणे. म्हणूनच खिडकी बंद केली की परिणाम संपतो आणि पुढच्या वेळी ते पुन्हा करावे लागते. ओळीच्या सुरुवातीला कंसात त्याचे नाव दिसू लागले की ते चालू आहे. नव्या डेबियन आणि उबुंटूवर तर मूळ पायथनमध्ये पिपने थेट पॅकेज बसवायला नकारच मिळतो, आणि तो योग्यच आहे.

एडिटर कोणता घ्यावा यावर लोक हिरिरीने बोलतात, पण सुरुवातीला पायथनच्या इन्स्टॉलरसोबत येणारे ‘आयडल’ पुरेसे आहे. व्हिज्युअल स्टुडिओ कोड घेतला तर पायथनचे एक्स्टेन्शन बसवून खालच्या पट्टीत कोणता इंटरप्रिटर निवडलेला आहे ते पाहावे. टर्मिनलमध्ये चालणारा प्रोग्रॅम एडिटरमध्ये अडतो, तेव्हा तिथे दुसराच पायथन निवडलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. शंका फिटेनाच, तर प्रोग्रॅममध्येच ‘सिस’ हे मॉड्यूल आयात करून त्यातले ‘एक्झिक्यूटेबल’ छापावे. जो इंटरप्रिटर तो प्रोग्रॅम चालवत आहे, त्याचा पूर्ण पत्ता तो स्वतःच सांगतो.

वर्षभराने नवी आवृत्ती घ्याल तेव्हा, ३.१२ नंतर ३.१३ अशी उडी असेल तर, ती जुनीच्या जागी न बसता शेजारी नव्या फोल्डरात बसते, आणि जुनीत घेतलेली पॅकेजे नवीत दिसत नाहीत. आधी तयार केलेली व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट जुन्याच इंटरप्रिटरकडे बोट दाखवत राहतात, त्यामुळे जुनी आवृत्ती काढून टाकली की ती चालेनाशी होतात. म्हणून काढण्याआधी प्रत्येक कामाच्या फोल्डरात, तिथले एन्व्हायर्नमेंट चालू करून, ‘पिप फ्रीझ’ या आज्ञेने पॅकेजांची यादी ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या मजकुराच्या फाइलीत उतरवून घ्यावी. मग ‘.व्हेन्व्ह’ हा फोल्डर खुशाल पुसावा, नव्या पायथनने तो पुन्हा तयार करावा आणि त्या यादीवरून पॅकेजे परत बसवावीत. आपण लिहिलेल्या फाइली त्या फोल्डराच्या बाहेर असतील, तर या सगळ्यात त्यांना धक्काही लागत नाही.